बेळगावात थंडीआधी परड्याची काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की यंदाच बेळगावात स्वतःच्या घरात राहायला आलात, पावसानं मागचं परडं गवतानं भरलंय आणि थंडीच्या आत काय काय करून घ्यावं ते कळत नाही. आमचं घर अनगोळात, माती अशीच तांबडी, म्हणून सांगते.

इथली थंडी झाडं मारत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 12-13 अंशांवर येतो, दव पडतं, तेवढंच. खरा त्रास पाऊस थांबल्यावर माती आवळते त्याचा. तांबड्या मातीवर पापडी धरते. खुरप्याच्या टोकानं ती उचलून बघा, खालची माती अजून गार, ओलसर लागेल. ही ओल राखायची. दसरा ते दिवाळीच्या मधे, वाफसा आला की, म्हणजे माती चिखलही नाही नि कोरडीही नाही अशी झाली की, खुरपून शेणखत मिसळा आणि वर वाळका पाला अंथरा. भाताची सुगी झाली की पिंजर (भाताचा वाळका पेंढा) मिळतं, ते तर फारच छान. पाला जाळू मात्र नका, कळकळीनं सांगते.

गवतात पांढऱ्या बारीक फुलांचं काँग्रेस (गाजरगवत) असेल तर बी झडायच्या आत मुळासकट काढा, हातमोजे घालूनच. मी एकदा तसंच उपटलं आणि आठवडाभर कोपरापर्यंत खाज सुटली होती.

मोकळ्या वाफ्यात मेथी, पालक टाका; मेथी महिन्याभरात काढायला येते. कोथिंबिरीचे धणे चोळून दोन फाकी करून पेरा. गुलाबाची छाटणी आताच करा, दीड महिन्यात फुलं येतात. पाणी सकाळी घाला, संध्याकाळी पानं भिजवली की रोग धरतो.

आणि आंब्याचं मोठं झाड असेल तर हे नक्की पाळा. आमच्या हापूसला मी दोन वर्षं थंडीत न चुकता पाणी घातलं. कोवळी तांबूस पालवी इतकी सुरेख फुटायची, पण मोहोराचा पत्ता नाही. शेजारच्या काकूंनी सांगितलं, झाडाला जरा ताण बसू दे. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पाणी तोडलं आणि जानेवारीत झाड मोहोरानं भरलं. कैऱ्या वाटाण्याएवढ्या दिसल्या की मगच पाणी सुरू करा, तेही बुंध्याशी नाही, फांद्यांचा घेर संपतो तिथं आळं करून.