'अल्ट्रा व्हायरीज' म्हणजे 'बेकायदा' का?

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या स्थानिक परिषदांवरच्या लेखाचा अनुवाद करताना 'अल्ट्रा व्हायरीज' हा शब्द सारखा भेटतो, त्याला 'बेकायदा' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. लॅटिनमध्ये 'अल्ट्रा' म्हणजे पलीकडे आणि 'व्हायरीज' हे बळ या अर्थाच्या शब्दाचं अनेकवचन. मिळालेल्या अधिकारांच्या पलीकडे जाऊन केलेलं, ते अल्ट्रा व्हायरीज. 'बेकायदा' ऐकलं की आधी मनाई डोळ्यांसमोर येते. इथे मनाई असेलच असं नाही. मुभाच दिलेली नसते.

लंडनमधल्या फुलम भागाच्या परिषदेवरचा 1921 सालचा खटला बघा. लोकांनी यावं आणि आपले कपडे आपण धुवावेत, अशी सार्वजनिक जागा चालवायचा अधिकार परिषदेला कायद्याने होता. तिने पगारी माणसं ठेवून लोकांचे कपडे धुऊन द्यायला सुरुवात केली. निकाल परिषदेच्या विरोधात गेला. कपडे धुऊन देणं हा गुन्हा थोडाच आहे? एखाद्या नागरिकाने लाँड्री काढली असती तर कुणी हरकत घेतली नसती. पण परिषद कायद्यातून जन्मलेली, त्याने जे हाती दिलं तेवढंच तिचं. नेमका हाच बारकावा 'बेकायदा' या शब्दात हरवतो, आणि त्यामुळे परिषदेवर नसलेला गुन्हाही लागतो.

'अधिकारातीत' हा शब्द वापरात आहे, व्युत्पत्तीनेही बरोबर आहे. तरी मला तो खटकतो. गुणातीत, शब्दातीत, कालातीत या शब्दांत 'अतीत'ला उंचीचा, गौरवाचा सूर आहे. 'बाह्य'चा सूर वेगळा. कालातीत आणि कालबाह्य शेजारी ठेवून पाहा: दोन्हींत काळाच्या पलीकडे जाणं आहे, पण एकात गौरव आणि दुसऱ्यात अडगळ! नियमबाह्य, घटनाबाह्य यांच्या पंगतीत 'अधिकारबाह्य' सहज बसतो, म्हणून मी तोच सुचवेन.

'रद्द' हा शब्दही जपून वापरा. हॅमरस्मिथ अँड फुलम परिषदेने बँकांशी केलेले व्याजदर-अदलाबदलीचे व्यवहार (व्याजदर पुढे कसे बदलतील यावर नफा-तोटा ठरणारे करार) 1991 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, अधिकारबाह्य ठरवले. ते 'रद्द झाले' असं लिहिलं, तर तोवर ते वैध होते असा समज होतो. 'मुळातच शून्य ठरले' असं लिहा.

आणखी एक. 2011च्या लोकॅलिझम कायद्याने इंग्लंडमधल्या परिषदांना, सामान्य व्यक्ती जे करू शकते ते करण्याची सर्वसाधारण मुभा दिली. मात्र कायद्याने स्पष्ट घातलेले निर्बंध उरलेच. तुमच्या लेखातली घटना त्यानंतरची असेल आणि असा निर्बंध मोडला गेला असेल, तर 'कायद्याने घातलेली मर्यादा परिषदेने ओलांडली' असं सुटं करून लिहिलेलं वाचकाला लवकर कळेल.