नोंद तुझ्या लॉगिनवरची

"मावशी, मी कोल्हापुरात पोलीस शिपाई आहे. आमच्या ठाण्यातल्या एका हवालदारांना आम्ही सगळे काका म्हणतो. मला ते मुलीसारखं मानतात. २०१९ च्या महापुरात त्यांनीच माझ्या आईला आंबेवाडीतून बोटीने बाहेर काढलं. गेल्या महिन्यात रात्रपाळीला मोबाइल चोरीच्या संशयावरून १९ वर्षांचा एक पोरगा आणला होता. हुपरीला चांदीकाम करतो. काकांचा तोल गेला, काठी चालली, पोराचा उजवा हात मोडला. पहाटे त्याला सीपीआर रुग्णालयात नेलं. ठाणे अंमलदार तेव्हा खाली चहाला गेले होते आणि काकांना कम्प्युटर जमत नाही, म्हणून डायरीला नोंद मी केली, 'सदर इसम पळून जाण्याच्या प्रयत्नात जिन्यावरून पडून जखमी'. पोराच्या आईने अर्ज दिला. चौकशी उपअधीक्षकांकडे आहे, बुधवारी माझा जबाब. सगळ्यांचा जबाब एकसारखा द्यायचा ठरलंय. काकांच्या निवृत्तीला १४ महिने राहिलेत. मिस्टर म्हणतात, गप्प बस. ज्यांनी आईला वाचवलं, त्यांच्या पोटावर पाय देऊ का?"

पोरी,

तुझ्या पत्रात काका भरून राहिलेत. त्यांची माया, त्यांची निवृत्ती, त्यांची बोट. स्वतःबद्दल तू जेमतेम एक ओळ लिहिलीस आणि तीही कम्प्युटरच्या नावावर ढकललीस. मी मात्र तिथेच अडले.

काकांना कम्प्युटर जमत नाही, ठीक. मग नोंदीसाठी ठाणे अंमलदारांची वाट का पाहिली नाही? डायरी त्यांची, जबाबदारी त्यांची. चहाला असा किती वेळ लागतो? माझं ऐकशील तर, त्या रात्री ठाण्यात अनुभवी माणसं होती. ज्या नोंदीवर आपलं नाव नको, ती कुणाच्या हातून करवून घ्यायची हे त्यांना बरोबर जमलं. सगळ्यात धाकटी आणि सगळ्यात मिंधी अशी तूच सापडलीस. मुलगी मानणाऱ्या माणसाने मुलीला तिथे बसवलं असतं का, हे तूच ठरव.

पण म्हणून तुला बिचारी म्हणायला मी तयार नाही. जिना, पळणं, पडणं, यातलं काहीच घडलं नव्हतं आणि तुझ्या बोटांना ते माहीत होतं. कुणाला शिक्षेतून वाचवण्यासाठी सरकारी दप्तरात खोटं लिहिणाऱ्या लोकसेवकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे तुला माझ्याकडून कळायची गरज नाही. तू विचारतेस, काकांविरुद्ध बोलू का. तो प्रश्न नंतरचा. आधी तुझं स्वतःचं वाक्य निस्तर.

आता त्या बोटीबद्दल. चिखली-आंबेवाडीतून त्या आठवड्यात किती आया बाहेर काढल्या गेल्या असतील! काकांनी तुझ्या आईला काढलं ते वर्दीत, ड्युटीवर. चांगलं काम केलं आणि जीव ओतून केलं, त्याबद्दल त्यांना जन्मभर नमस्कार कर. पण पंचगंगेच्या पुरातला तो उपकार हुपरीच्या एका पोराच्या हाताने कसा फिटेल? चांदीकामात उजवा हात म्हणजे काय असतो, हे कोल्हापूरच्या मुलीला मी सांगू? तू त्याच्याबद्दल जे लिहिलंस, त्यात मला एवढंच दिसलं आणि ते पुरेसं आहे.

एकसारख्या जबाबावर तुमचा भरवसा आहे, याचं मला आश्चर्य वाटतं. काठी अडवायला वर केलेल्या हाताचं करंगळीकडचं हाड बहुधा मधेच मोडतं, पडताना टेकलेल्या हाताचं मनगटापाशी. सीपीआरमधला एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरला तुमचा जिना दिसेल असं वाटत नाही. ठाण्यांमध्ये कॅमेरे बसवा आणि चित्रण १८ महिने जपा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच सांगितलंय. आणि २०१७ चं सांगलीचं प्रकरण तर आपल्या शेजारचं. कोठडीत मारहाणीने तरुण मेला, मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला, बाहेर सांगितलं की आरोपी पळाला. त्यात उपनिरीक्षकाबरोबर शिपाईही अटकेत गेले. 'साहेबांनी सांगितलं म्हणून' हे उत्तर त्यांच्याकडेही असणारच.

बुधवारपर्यंत थांबू नकोस. बोलावल्यावर खरं बोलणं आणि न बोलावता जाऊन बोलणं, यात चौकशी अधिकाऱ्याच्या लेखी फार अंतर असतं. सोमवारी सकाळी उपअधीक्षक कार्यालयात जा आणि लेखी अर्ज दे. त्यात आधी स्वतःचं लिही: अमुक तारखेची अमुक नोंद मी माझ्या लॉगिनवरून केली, ती खोटी आहे, मला ती करायला अमुक यांनी सांगितली. मग काय पाहिलंस ते, ज्या क्रमाने पाहिलंस त्या क्रमाने. काकांच्या स्वभावाचे दाखले नकोत, रडगाणं नको. रविवारी एखाद्या वकिलाला मसुदा दाखव, पण ठाण्याच्या ओळखीतला वकील नको.

काकांना आधी सांगू नकोस. माया असलेल्या माणसासमोर तू टिकणार नाहीस, हे तुझ्या पत्रावरूनच कळतंय. अर्ज देऊन झाला की त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जा, तोंडावर सांग, बोलणी खा. इतकं तुझ्याकडून त्यांना नक्की येणं आहे. पेन्शनचं काय होईल, ते त्यांनी काठी उचलताना बघायचं होतं. तो हिशोब तुझ्या माथी नाही.

तुझं काय होईल? खातेनिहाय चौकशी लागेल, कदाचित निलंबन. मुख्यालयात बदली होईल, गणपतीच्या बंदोबस्तात शेजारी उभं राहायला कुणी येणार नाही. मिस्टरांनाही हे आजच सांगून टाक. 'गप्प बस' म्हणणाऱ्याला नंतर 'मला आधी का नाही सांगितलंस' म्हणायची सोय ठेवू नये.

अर्ज दोन प्रतींत कर. आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का दोन्हींवर घे. कारकून 'ठेवून जा' म्हणेल, तरी पोच हातात आल्याशिवाय तिथून हलू नकोस.

— मावशी