खेड्यातली शिंतो आणि बौद्ध देवळं बघायची तर कुनिसाकीला जा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की क्योटो-नारा बघून झालंय, नोव्हेंबरात आईला घेऊन परत जपानला जाताय, या वेळी खेड्यातली लहान देवळं बघायचीत, जपानी येत नाही, तर कुठे जावं, आत कसं वागावं आणि आईला चढ झेपतील का. माझं सरळ उत्तर, सगळा जपान पालथा घालू नका. क्यूशू बेटावर ओइता प्रांतात कुनिसाकी नावाचं द्वीपकल्प आहे तिथे जा, आणि तिथेही एक-दोन खोरी निवडून निवांत फिरा.

कुनिसाकीच का, तर मधोमध 721 मीटरचा फुतागो डोंगर आणि त्यावरून चारी बाजूंनी समुद्राकडे खोरी उतरलेली, खोऱ्यात भातशेती आणि कड्याकपारीत देवळं. या सगळ्या देवळांना मिळून रोकुगो मानझान म्हणतात, 718 साली निनमोन नावाच्या साधूने ती स्थापली असं परंपरा सांगते. शेजारीच उसा जिंगू हे शिंतो देऊळ आहे, देशभरातल्या हाचिमान या युद्धदेवाच्या देवळांचं मूळ ठाणं. इथे शिंतो म्हणजे जपानच्या मूळ धर्मातले देव आणि बुद्ध पहिल्यापासून एकत्रच नांदले. 1868 मध्ये मेइजी सरकारने दोन्ही वेगळे करायचा हुकूम काढला आणि उसा जिंगूच्या आवारातलं मिरोकु-जी हे मोठं बौद्ध देऊळ गेलं, आता पायाचे दगड तेवढे उरलेत. पण खेड्यांत ती फाळणी तितकी मुरली नाही, आणि मला विचाराल तर नेमकं तेच बघायला जायचं असतं.

कुमानो मागाइबुत्सूचंच बघा. खाली बौद्ध देऊळ, मग वाटेत तोरी म्हणजे शिंतो कमान, मग ओबडधोबड दगडांच्या पायऱ्या, वर कड्यात कोरलेले दोन प्रचंड देव, साधारण पावणेसात मीटरचा दाइनिची म्हणजे महावैरोचन आणि आठेक मीटरचा फुदो म्हणजे अचल, आणि त्याच पायऱ्या पुढे चढत गेलं की कुमानोचं शिंतो देऊळ. फुदो एरवी सगळीकडे उग्र, इथे मात्र गालातल्या गालात हसतोय असं वाटतं, समोर थोडा वेळ उभे राहा. पायऱ्यांची गोष्ट अशी की देवाने एका ओनीला म्हणजे राक्षसाला सांगितलं एका रात्रीत शंभर रच, नव्याण्णव झाल्यावर देवानेच कोंबड्यासारखी बांग दिली आणि ओनी शेवटचा दगड घेऊन पळाला. या भागात ओनीला वाईट मानत नाहीत हेही लक्षात ठेवा, शुजो ओनिए नावाच्या अग्निउत्सवात ओनी मशाली घेऊन नाचतात आणि लोक त्यांच्याकडून आशीर्वाद घेतात.

तेन्नेन-जी तर रस्त्याला लागूनच आहे. कड्याखाली बौद्ध देऊळ आणि शिंतो देऊळ शेजारी-शेजारी, समोरच्या ओढ्यात एका मोठ्या धोंड्यावर फुदो कोरलाय, पुरापासून राखण करायला. वर डोंगरधारेवर बिनकठड्याचा अरुंद दगडी पूल दिसेल, तो खालूनच बघा. फुकि-जीचं सभागृह हे क्यूशूतलं सगळ्यात जुनं लाकडी बांधकाम, हेइआन काळाच्या शेवटचं म्हणजे बाराव्या शतकातलं, आत लाकडाची अमिदा म्हणजे अमिताभ बुद्धाची मूर्ती आणि जवळजवळ पुसट झालेली भित्तिचित्रं. पावसात चित्रं जपण्यासाठी आत सोडत नाहीत, म्हणून हवामान बघून कोरडा दिवस याच्यासाठी राखून ठेवा.

पण खरी मजा बिननावाच्या जागांत आहे. जपानी नकाशावर देवळाची खूण सोपी असते, तोरीचं चिन्ह म्हणजे शिंतो आणि स्वस्तिक म्हणजे बौद्ध (आपल्या नेहमीच्या स्वस्तिकाच्या उलट वळणाचं). भातखाचरांच्या कडेला अचानक उंच झाडांचा दाट पुंजका दिसला की समजायचं आत ग्रामदेवता आहे, आपल्याकडच्या देवराईसारखंच, देवाची झाडं म्हणून कुणी तोडत नाही. तिथे पुजारी बहुतेक नसतोच, एकेक जण कितीतरी देवळं सांभाळतो, झाडलोट गावकरी करतात. आत जायला कुणी हरकत घेत नाही, फक्त बंद दारं उघडायची नाहीत आणि कुणी दिसलं तर "कोन्निचिवा" म्हणायचं.

आणि दगड बघा, हे मी परत परत सांगतो कारण लोक दगड सोडून इमारतींचे फोटो काढत बसतात. लाल लाळेरं बांधलेला जिझो म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्व. पाच वेगवेगळ्या आकारांचे दगड एकावर एक रचलेले दिसले तर ते गोरिन्तो, खालून पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. कोशिन शिळेवर अनेक हातांचा शोमेन कोंगो नावाचा देव, वर चंद्र-सूर्य, खाली तीन माकडं, कधी कोंबडा-कोंबडी. दर साठ दिवसांनी येणाऱ्या कोशिनच्या रात्री आपण झोपलो की अंगातले तीन किडे स्वर्गात जाऊन आपल्या पापांची चुगली करतात अशी समजूत, म्हणून गावकरी रात्रभर जागरण करायचे आणि अशा शिळा उभारायचे. काही शिळांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली संस्कृत बीजाक्षरं असतात, ह्रीः म्हणजे अमिदा, हां म्हणजे फुदो. देवनागरी वाचणाऱ्याला थोड्या सरावाने ती लागतात, आणि बेंझाइतेन म्हणजे सरस्वतीच हे माहीत असेल तर तळ्याकाठच्या लहानशा देवळापाशी आईही थांबतील.

वागण्याचं म्हणाल तर शिंतो देवळात दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, परत एकदा वाकायचं, पण उसा जिंगूला टाळ्या चार. बौद्ध देवळात टाळी वाजवायची नाही, नुसते हात जोडायचे. पाण्याची कुंडी असेल तर आधी डावा हात, मग उजवा, मग ओंजळीतून चूळ, पळी तोंडाला लावायची नाही. सुटी नाणी जवळ ठेवा. गोशुइन म्हणजे वहीत घ्यायचं देवळाचं हस्ताक्षर आणि शिक्का हवा असेल तर 300 ते 500 येन रोख, पण तो दर्शनानंतर मागायचा, आधी वही पुढे करणं मला तरी बरं वाटत नाही.

बस अगदीच कमी, गाडी लागेलच. ओइता विमानतळ याच द्वीपकल्पावर आहे, तिथेच भाड्याने घ्या, आरटीओतून इंटरनॅशनल परमिट निघण्याआधी काढून ठेवा, गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. गाडीच्या नॅव्हिगेशनमध्ये देवळाचा फोन नंबर टाकला तरी रस्ता सापडतो, जपानी टाइप करायची गरज नाही. रानवाटेवर रानडुकरांसाठी लावलेलं कुंपण आडवं येईल, फाटक उघडून जायचं आणि मागे नक्की लावायचं, नाहीतर कुणाचं तरी पीक जाईल. क्यूशूत अस्वलं नाहीत, पण शरदात मोठ्या गांधीलमाश्या असतात, पोळं दिसलं तर मागे फिरा.

आईंसाठी तेन्नेन-जी, फुकि-जी आणि उसा जिंगू आरामात होतील. उसाला वरचं आणि खालचं अशी दोन देवळं, देव दोन्हीकडे तेच, आणि नुसतं वरचं केलं तर दर्शन अर्धंच अशी तिथली म्हणच आहे, म्हणजे खालचं चुकवायचं नाहीच, वरच्या पायऱ्या मात्र सावकाश. कुमानोच्या दगडी पायऱ्या गुडघे दुखत असतील तर त्यांना नको, उतरताना फार त्रास होतो, तिथे तुम्ही एकटे जाऊन या.