कथा अर्ध्यात अडकली की लेखक काय करतात?

मी अडकलेल्या जागी डोकं आपटत बसत नाही, दोन पानं मागे जातो. चूक बहुतेकदा तिथेच असते: एखादं पात्र माझ्या सोयीने वागलेलं असतं. परवाच्या कथेत बहीण भावाला लगेच माफ करून मोकळी झाली होती. पुढे लिहायला काही उरलंच नव्हतं. तो संवाद खोडला आणि तिला नुसतं त्याचं ताट उचलायला लावलं, एक शब्द न बोलता. कथा पुढे सरकली.

प्रसंग मोठ्याने वाचूनही बघा, खोटा संवाद जिभेला लगेच अडतो. आणि पुढे काय घडणार हे ठाऊक असतानाच त्या दिवसाचं लिखाण थांबवा. अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत हीच सवय सांगितली होती. मला तिचा फार आधार आहे. सकाळी कोऱ्या पानाची धास्ती राहत नाही.