मिनरल राइट्स त्याचे, मग वाळू कुणाची?

प्रश्न: टेक्सासमध्ये थोडी जमीन घेतोय. विकणारा म्हणतो मिनरल राइट्स, म्हणजे जमिनीतल्या खनिजांचे हक्क, मी माझ्याकडेच ठेवणार, इथे बरेच जण असंच करतात. पण जमिनीत ओढ्याकाठी वाळू आणि गोटे भरपूर आहेत, उद्या हाच माणूस मशीन घेऊन आला आणि म्हणाला हीसुद्धा मिनरल्सच की, तर?

उत्तर: खरेदीखतात वाळू-ग्रॅव्हल (म्हणजे गोटे) असं नाव घेऊन वेगळं राखून ठेवलेलं नसेल तर टेक्सासमध्ये ती जमीनमालकाची, म्हणजे तुमचीच. शाळेत आपण वाळूला खनिज म्हणून मोकळे झालो, पण कोर्ट भूगोलाचं पुस्तक उघडत नाही. आणि वाळू उपसली की उरतो नुसता खड्डा, मग तुम्ही पैसे मोजले ते कशाचे? 1949 साली तिथल्या सुप्रीम कोर्टासमोर एक मृत्युपत्र आलं होतं, जमीन मुलीला पण मिनरल राइट्स त्यातून वगळलेले, आणि भांडण चुनखडीच्या दगडावरून. कोर्ट म्हणालं साधा बांधकामाचा दगड हा मिनरल नाही, तो जमिनीबरोबरच गेला. वाळूलाही तेच लागू. हां, वाळूत काही दुर्मिळ गुण असेल, ज्यामुळे तिला खास किंमत येते, तर वाद होऊ शकतो.

हेच तुम्ही वायोमिंगमधून विचारलं असतं तर मी इतक्या छातीठोकपणे बोललो नसतो. टेक्सास 1845 ला अमेरिकेत आलं ते स्वतःच्या सरकारी जमिनी स्वतःकडे ठेवून, पण पश्चिमेकडे केंद्र सरकारने 1916 च्या कायद्याखाली जमिनी वाटल्या त्या खनिजं स्वतःकडे ठेवून. तिथे वेस्टर्न न्यूक्लियर या कंपनीने आपल्याच जमिनीतलं ग्रॅव्हल खणलं, कशाला तर कामगारांच्या गावातले रस्ते आणि फुटपाथ करायला, आणि सरकार म्हणालं ते आमचं आहे! 1983 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 ने सरकारच्या बाजूने निकाल दिला. मग 2004 ला नेवाडाची केस आली, 1919 चा वेगळा कायदा, त्यात 'मौल्यवान खनिजं' असे शब्द, आणि वाळू-ग्रॅव्हल त्यात बसत नाही म्हणून तिथे जमीनमालक जिंकला. एका विशेषणाने सगळं फिरलं बघा.

(आपल्याकडे वाळू 'गौण खनिज', म्हणजे खनिज आहे की नाही हा वादच नको, महसूलवाले आहेतच.)

तुमच्या व्यवहारात मला वाळूपेक्षा वेगळीच काळजी वाटते. मिनरल राइट्सवाल्याला तेल काढायला लागेल तेवढी तुमची जमीन वापरता येते, रस्ता, रिग (विहीर खोदायचं यंत्र) सगळं, आणि तुम्ही अडवू शकत नाही. त्यामुळे वरची जमीन वापरणार नाही असं त्याच्याकडून खतातच लिहून घ्या, आणि सही करायच्या आधी वकिलाला जुनी खतंही चाळायला सांगा, कारण वाळू कदाचित आधीच्याच कुणीतरी राखून ठेवलेली असेल.