पाहुणी मुलं येणार म्हणून आपलं घर लपवू नका

मॅडम, जर्मनीतल्या शाळेची बारा मुलं आणि दोन शिक्षक आठ दिवसांसाठी तुमच्या जुळे सोलापुरातल्या शाळेत येणार आहेत, पुढच्या वर्षी तुमची मुलं तिकडे जाणार आहेत. समन्वयक म्हणून पहिलीच वेळ आहे, कार्यक्रम कसा आखू, असं तुम्ही विचारलंय. हे काम मी दोनदा केलंय, एकदा मुलांना घेऊन जर्मनीलाही जाऊन आलोय.

आधी कागदपत्रं. परदेशी पाहुणा घरी मुक्कामाला असेल तर त्याची नोंद २४ तासांच्या आत ऑनलाइन करावी लागते. आपल्याकडे सगळे त्याला ‘सी फॉर्म’च म्हणतात. हे हॉटेलांपुरतंच आहे असा पालकांचा समज असतो, पण घरांनाही ते लागू आहे. पंधरा दिवस आधी सगळ्या यजमान पालकांना शाळेत बोलवा, कॉम्प्युटरसमोर बसवून समजावून द्या आणि पोलीस आयुक्तालयात स्वतः एक चक्कर मारून या. पुढच्या वर्षी मुलं जर्मनीला जाताना शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) दोन्ही पालकांचं संमतीपत्र आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आणखी एक, शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का ते आत्ताच लेखी विचारून घ्या. आपल्या आमटीत, भाजीत कूट असतोच, ताटात चटणी असतेच. तिकडे ही ॲलर्जी गंभीरपणे घेतात, आपल्या आयांना ती माहीतही नसते.

आता मला खरं सांगायचंय ते. पहिल्या वर्षी घरं निवडताना आम्ही वेगळी खोली आणि आतलंच बाथरूम, एवढंच पाहिलं. नववीतली एक मुलगी आपला अर्ज परत न्यायला आली. वडील यंत्रमागावर कामाला, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत दोन खोल्या, घरात तेलुगू. ‘सर, आमचं घर बारकं आहे म्हणून नको ना?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्गात सगळ्यात धीटपणे इंग्रजी बोलणारी तीच होती. तिचा तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

दुसऱ्या वर्षी मुक्कामाच्या अटी त्याच होत्या, तिकडच्या शाळेचाच तसा आग्रह होता. पण प्रत्येक पाहुण्याचा एक अख्खा दिवस आम्ही दुसऱ्या एका घरी ठेवला. या मुलीकडे एक पाहुणी गेली. मी सोडायला गेलो आणि तिथंच थांबलो. आजी भाकरी थापत होती. पाहुणीनं हात पुढे केला, पीठ परातीत पसरलं आणि कडेनं तडकलं. आजीनं ते गोळा केलं, पाण्याचा हात लावून पुन्हा मळलं, आणि तिचा पंजा आपल्या पंजाखाली धरून गोल फिरवत राहिली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. चौथी भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर गेली आणि अर्धी फुगली, तेव्हा आजीच आधी ओरडली.

दुपारी वडिलांनी तिला कारखान्यात नेलं. माग बंद करून जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राच्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ दाखवली. भोक आहे तिथं सूत वर उचललं जातं, नाही तिथं खालीच राहतं, आणि या दोनच गोष्टींतून चादरीवर मोर उतरतो. पोरगी शाळेत प्रोग्रॅमिंग शिकत होती. तिला क्षणात कळलं. पुढचा तासभर ती त्या पुठ्ठ्यांपासून हलली नाही, आणि मुलगी दोघांच्या मधे उभी राहून तेलुगूचं इंग्रजी, इंग्रजीचं तेलुगू करत होती. वडील तिच्याकडे बघत होते ते मी पाहिलं.

तिकडे गेल्यावर काय झालं तेही सांगतो. यजमान मुलगा चालता चालता फूटपाथवर थांबला. फरशीत हाताच्या पंजाएवढी पितळी पाटी होती, त्या घरातून नाझींनी नेलेल्या माणसाचं नाव त्यावर कोरलेलं. मुलानं ते वाचून दाखवलं, आपल्या देशानं काय केलं ते न लपवता सांगितलं आणि विचारलं, तुमच्या गावात अशी आठवण कुठे आहे? आमचा मुलगा रोज चार हुतात्मा चौकातून सायकलनं शाळेत येतो. त्याला एक नाव सांगता आलं नाही. चूक त्याची नव्हती, आम्ही त्याला पासपोर्टपासून काटाचमच्यापर्यंत सगळं शिकवलं होतं, हे सोडून.

म्हणून तयारीच्या तासांत सोलापूर शिकवा. १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी इथं लावलेला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले ते चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेलेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. हे मुलांनी पाहुण्यांना चौकात उभं राहून, आपल्या इंग्रजीत सांगावं, व्याकरण चुकलं तरी चालेल. आपण मधे बोलायचं नाही.

स्वागताच्या नाचाला एक संध्याकाळ पुरे, त्यासाठी पंधरा दिवसांचे तास मोडू नका. भुईकोट, सिद्धेश्वर तळं एका सकाळी होतं. आठपैकी तीन दुपारी मोकळ्या ठेवा. तारखा अजून हलत असतील तर जानेवारी मागून बघा. हुरडा असतो, संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा असते, तिच्यात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. एप्रिल-मे मात्र चुकूनही घेऊ नका, तो उन्हाळा त्या मुलांना सोसणार नाही.

यजमान पालकांची सभा कधी ठेवताय ते कळवा, मी येतो. बारक्या घरांच्या पालकांशी आधी मला बोलू द्या.