गळालेलं फूल आधी उघडून बघा

दोन प्रश्न आले आहेत. पहिला वांग्याचा: "फुलं भरपूर लागतात पण बरीच गळतात. पत्रकात लिहिलंय की आखूड कुक्षीवृंताची फुलं गळणारच. म्हणजे काय?" दुसरा दुधी भोपळ्याचा: "कळी बोटाएवढी होते, पिवळी पडते आणि गळते. कोणतं औषध मारू?"

औषधाचं नंतर बघू. आधी गळालेली दहा-बारा फुलं गोळा करा.

वांग्याचं फूल हातात घ्या. देठाकडची हिरवी टोपी म्हणजे निदलपुंज. फळावरही ती तशीच राहते आणि फळ पोखरणारी अळी बऱ्याचदा तिच्याखालूनच आत शिरते, म्हणून तोडणीच्या वेळी तिथे नजर टाकत जा. जांभळ्या पाकळ्या म्हणजे दलपुंज. मधोमध पिवळे जाड उभे दिसतात ते परागकोश, पुंकेसराचा वरचा भाग. त्यांच्या टोकाच्या छिद्रांतून पराग बाहेर पडतात. आता परागकोश नखाने हळूच बाजूला करा. आत एक बारीक हिरवट दांडी दिसेल, तो कुक्षीवृंत. तिचं टोक म्हणजे कुक्षी, इथे पराग चिकटतात. बुडाशी अंडाशय, त्याचंच पुढे वांगं होतं.

हे टोक परागकोशांच्या वर आलेलं किंवा त्यांच्या बरोबरीचं असेल, तर फळ धरण्याची शक्यता चांगली. दांडी आतच खुंटली असेल तर कुक्षीपर्यंत पराग नीट पोचत नाहीत आणि असं फूल सहसा गळतं. अशी फुलं प्रत्येक झाडावर थोडीफार असतातच, त्यांच्यासाठी फवारणीवर पैसे घालू नका. झाडावर फळांचा भार वाढला, अन्न कमी पडलं की त्यांचं प्रमाण वाढतं. म्हणून तोडणी लांबवू नका, खताचे हप्ते चुकवू नका. लांब दांडीची फुलंही गळत असतील, तर मात्र पाण्याचा ताण, कडक ऊन आणि कीड तपासायला हवी.

दुधीची गोष्ट वेगळी. इथे नर आणि मादी फुलं एकाच वेलावर, पण स्वतंत्र. मादी फुलात पाकळ्यांच्या खाली लवदार इवलासा दुधी असतो, तोच अंडाशय. नर फुलाला नुसता लांब देठ. सुरुवातीला नर फुलंच जास्त येतात आणि गळतात, त्याची काळजी नको. तुमच्या वेलावर मात्र मादी फुलं परागीभवन न होताच वाळत आहेत, असं वर्णनावरून वाटतं. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्रीचे पतंग पराग नेतात. काकडी आणि लाल भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं, त्यामुळे त्यांच्यावर संध्याकाळी फवारलेलं चालतं, पण दुधीत नेमकी तीच वेळ टाळायची.

चार-पाच दिवस हाताने परागीभवन करून बघा. संध्याकाळी ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला परागकोशांचा गोळा मादी फुलाच्या जाडसर, तीन भागांच्या कुक्षीवर सगळीकडून हलकेच टेकवा. एकाच बाजूला पराग लागले तर बिया एकीकडेच धरतात आणि फळ वाकडं होतं. त्या फुलांना दोरा बांधून ठेवा. दोऱ्याची फळं वाढली आणि बाकीची पिवळी पडली, तर अडचण परागीभवनाचीच. दोन्ही गळाली, तर एक कळी उभी चिरा, आत फळमाशीची अळी आहे का ते बघा आणि तसं कळवा, मग औषधाचं ठरवू.